एका पदकाचा जमाखर्च : कै. खाशाबा जाधव

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा निरोप हथखोजच्या माझ्या घरी आला, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. बी. ए. झालो तो इतिहास विषय घेऊन. परंतु नोकरी पत्करली ती केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात. तीस वर्षे फायलींवर शेरे मारण्यात गेली. अशा माणसाच्या लेखणीतून ललित काही उतरेल ही अपेक्षा संपादकांनीही केली नसावी. तथापि गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या बैठकांतून एक विषय वारंवार निघत आहे, आणि त्या विषयानेच मला या लेखाच्या नायकाकडे नेले.

विषय असा. एका हितचिंतक सद्गृहस्थांनी आपल्या वास्तूत मुलांसाठी व्यायामशाळा उभारण्याकरिता मोठी देणगी देऊ केली आहे. त्यांचा हेतू निःसंशय उदात्त आहे. परंतु खजिनदारांनी हळूच एक शंका काढली: खोली बांधून होईल, साहित्य येईल, कोनशिलाही बसेल; पण पुढे दरवर्षी वीजबिल कोण भरणार, शिक्षकाचे मानधन कोठून येणार आणि मोडलेले साहित्य कोण दुरुस्त करणार? सरकारी भाषेत बोलायचे तर देणगी ही अनावर्ती जमा, आणि तिच्यापोटी जन्माला येतो तो आवर्ती खर्च. या शंकेवर सभेत थोडी कुजबुज झाली आणि चहा आल्यामुळे विषय तेथेच राहिला. मी मात्र घरी येईपर्यंत कै. खाशाबा जाधवांचा विचार करीत होतो. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा मल्ल महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणून घडला, देणग्यांवर परदेशी गेला आणि एका प्राचार्याच्या गहाण पडलेल्या घराच्या जोरावर आखाड्यात उतरला. त्यांचे चरित्र मल्लविद्येच्या अंगाने अनेकांनी लिहिले आहे. मी ते थोडेसे हिशेबनिसाच्या अंगाने सांगणार आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. माझे वडील त्याच मुलुखातले. भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागल्यामुळे ते इकडे आले आणि आम्ही इकडचेच झालो. त्यामुळे गोळेश्वरचे नाव मी फार लहानपणी ऐकले होते. कृष्णा-कोयनेच्या काठचा तो प्रदेश. तेथे जत्रा म्हटली की कुस्ती, आणि कुस्ती म्हटली की सारे गाव मैदानाच्या कडेला. दादासाहेब जाधव स्वतः कुस्तीगीर होते. पाच मुलांतले खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना तांबड्या मातीत उतरविले, आणि आठव्या वर्षी त्यांनी त्या भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केले, असे सांगतात.

पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. तो काळ १९४२च्या चळवळीचा. सातारा जिल्हा तर पत्री सरकारचा जिल्हा! भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोचविणे ही कामे शाळकरी खाशाबांनीही केली. शिक्षण, तालीम आणि चळवळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. आणि देहयष्टी म्हणाल तर उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या आसपास. पुढे त्यांना पॉकेट डायनामो हे नाव पडले ते त्यामुळेच.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. येथे थोडे थांबून कोल्हापूरविषयी लिहिले पाहिजे, कारण त्याविना पुढचा हिशेब समजणार नाही.

कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि तसे वर्तुळाकार कुस्तीचे मैदान आपल्या नगरीत असावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून खासबागचे मैदान उभे राहिले आणि १९१२ साली ते खुले झाले. मध्यभागी खोलगट आखाडा आणि सभोवार चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे; कोठेही बसले तरी कुस्ती स्पष्ट दिसते. परंतु महाराजांची खरी थोरवी मैदान बांधण्यापुरती नव्हती, असे मला हिशेबनीस म्हणून वाटते. मैदान बांधून ते थांबले नाहीत. त्यांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांना नेमणुका बांधून दिल्या आणि पंजाबातून नामांकित मल्ल बोलावून आपल्या मुलांपुढे उभे केले. दूध, तूप, बदाम, थंडाई हा मल्लाचा खुराक रोज लागतो. तो एकदाच देऊन भागत नाही. आखाड्यातली माती देखील अशीच खर्चिक असते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती सतत मळावी लागते, नाहीतर ती दगडासारखी होते. दरबाराच्या खर्चात हे सारे दर महिन्याला येत होते. भांडवली खर्चाला महसुली खर्चाची जोड देणारा राज्यकर्ता आपल्याकडे क्वचितच झाला.

खाशाबा कोल्हापुरात आले तेव्हा राजर्षी जाऊन दोन तपे उलटली होती. परंतु तालमी होत्या, दरबार होता आणि बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे वस्ताद होते. नव्हती ती एकच वस्तू: गादी. जगातल्या स्पर्धा गादीवर होत आणि आपले मल्ल मातीत मेहनत करीत. मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते, आणि कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते. गादीवर पाय सरकतो, गुण मोजले जातात आणि घड्याळ चालू असते. एका महाविद्यालयाने गादी घ्यायची म्हटली तरी तिच्यासाठी छपराची प्रशस्त खोली हवी, ती उचलायला-पसरायला माणसे हवीत, फाटली तर दुरुस्ती हवी. त्या काळच्या महाविद्यालयांच्या जिमखान्याची मिळकत म्हणजे विद्यार्थ्यांकडून घेतलेली अल्पशी फी. तीतून चेंडू, फळ्या, जाळी आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ.

राजाराम महाविद्यालयातील एक हकीकत प्रसिद्ध आहे. वार्षिक क्रीडासंमेलनात कुस्तीसाठी नाव नोंदवायला खाशाबा गेले असता त्यांची लहानखुरी मूर्ती पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठविले. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली, आणि त्या लहानखुऱ्या विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक लोळविले. खर्डेकरांची आणि खाशाबांची गाठ अशी पडली. एका अर्जावर हो म्हणण्यास पैसा लागत नाही, हे मी सरकारी नोकरीत असूनही मान्य करतो.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच जात होता. खाशाबांची निवड झाली आणि त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीचे नियम आणि डाव समजावून दिले. विचार करा: तालमीत वर्षानुवर्षे घाम गाळलेला मल्ल, आणि त्याला जागतिक स्पर्धेच्या साधनाची ओळख होते ती स्पर्धेच्या गावी! तरीही फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरविले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरविले, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून पराभूत होऊन सहावा क्रमांक मिळविला. भारताच्या मल्लाने तोपर्यंत स्वतंत्र देशाच्या नावावर एवढी मजल मारली नव्हती.

येथे एक जुना संदर्भ द्यावासा वाटतो, कारण खासगी थैलीतून खेळाडू परदेशी पाठविण्याची रीत आपल्याकडे खाशाबांच्याही आधीची आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासंमेलनाला सर दोराबजी टाटा आले होते. अनवाणी धावणारे शेतकऱ्यांचे मुलगे पाहून ते इतके प्रभावित झाले की, त्यांच्याच पुढाकाराने आणि आर्थिक साहाय्याने १९२० साली अँटवर्पला भारतीय खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यतीत ते एकोणिसावे आले. कुस्तीगीर रणधीर शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले. म्हणजे एका मोठ्या मनाच्या दात्याने एकदा हात दिला तर मराठी मुलूख जगाच्या किती जवळ जाऊ शकतो, हे तेव्हाच दिसून आले होते. परंतु दाता दूर झाला की पुढच्या वर्षी काय, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणी शोधले नाही.

खाशाबांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. लंडनहून परतल्यावर त्यांनी वजनगट बदलला आणि बँटमवेटची, म्हणजे ५७ किलोची तयारी सुरू केली. रोज हजार बैठका आणि अडीच-तीनशे जोर, शिवाय कुस्तीचा सराव, अशी त्यांची मेहनत चाले, असे सांगतात. ढाक हा त्यांचा आवडता डाव. परंतु याच चार वर्षांत कोल्हापुरात एक घडामोड झाली, जिचा कुस्तीशी वरवर काही संबंध दिसत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट इष्टच होती, याविषयी दुमत नाही. पण ज्या दरबाराच्या खर्चात मल्लांचा खुराक आणि विलायतेचा प्रवास मोडत असे, तो दरबारच राहिला नाही; आणि त्या जागी आलेल्या नव्या सरकारच्या अंदाजपत्रकात असा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, हे अजून ठरलेले नव्हते. मी हे सरकारची निंदा म्हणून लिहीत नाही. शीर्ष नसेल तर खर्च टाकता येत नाही, ही अडचण मी रोज पाहतो.

१९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक होते. प्रथम निवडीतच अडथळा आला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दास यांच्यापेक्षा खाशाबांना एक गुण कमी दिला गेला. खाशाबांनी गप्प न बसता भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी निरंजन दास यांना चीत करून आपला हक्क सिद्ध केला. निवड झाली, परंतु प्रवासाला पैसे नव्हते. ज्या मल्लाचे नाव देशाच्या यादीत आहे, त्याने तिकिटाचे पैसे स्वतः उभे करावयाचे, अशी तेव्हाची व्यवस्था होती.

मग सुरू झाली वर्गणी. परगावी राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना वर्गणी म्हणजे काय हे सांगावयास नको. गणेशोत्सवाची पावतीपुस्तके घेऊन सेक्टर-सेक्टरांतून आपण सारेच हिंडलो आहोत. खाशाबा आणि त्यांचे स्नेही गावोगाव, दुकानोदुकानी फिरले. कोणी रुपया दिला, कोणी दहा दिले. मुंबई सरकारकडे वारंवार विनंती केल्यानंतर चार हजार रुपये मंजूर झाले. तरी बेरीज जुळेना. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हाती दिले.

या नोंदीपाशी मी दरवेळी थबकतो. महाविद्यालयाला देणगी देणारे श्रीमंत अनेक असतात, आणि त्यांची नावे दगडावर कोरली जातात. येथे मात्र महाविद्यालयाच्या प्राचार्यानेच विद्यार्थ्यासाठी कर्ज काढले. ज्या संस्थेच्या क्रीडाखात्यात हजाराची तरतूद होणे कठीण, तिच्या प्रमुखाने स्वतःच्या डोक्यावर सात हजारांचा बोजा घेतला. हिशेबाच्या दृष्टीने ही देणगी नव्हे, कारण ती परत यावयाची होती; आणि कर्ज म्हणावे तर तारण होते एका मल्लाचे दोन खांदे. कोणत्याही लेखापरीक्षकाने या व्यवहारावर आक्षेप घेतला असता, मीही घेतला असता, आणि तो आक्षेप नियमाला धरूनच असता.

हेलसिंकीत खाशाबांनी प्रथम कॅनडाच्या, मग मेक्सिकोच्या आणि नंतर जर्मनीच्या मल्लाला हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची दीर्घ आणि दमछाक करणारी कुस्ती झाली आणि त्यांत त्यांना हार पत्करावी लागली. त्या कुस्तीनंतर लागलीच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो बजावून सांगण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ चा.

गावोगावच्या लोकांनी तिकिटाचे पैसे दिले, प्राचार्यांनी घर दिले. पण नियमाचे पुस्तक हाती घेऊन गादीशेजारी उभा राहणारा एक जाणता माणूस कोणत्याच वर्गणीत बसला नव्हता. क्रीडाखात्याच्या अंदाजपत्रकात व्यवस्थापक, वैद्य, मार्गदर्शक यांचा खर्च शेवटी लिहिला जातो आणि काटछाट करावयाची झाली की प्रथम तोच कापला जातो. खाशाबांच्या रौप्य वा सुवर्णपदकाचे काय झाले असते, हे तर्काने सांगणे योग्य नाही. तथापि तो अर्धा तास मिळाला असता तर एवढी हळहळ राहिली नसती. त्याच स्पर्धेत आपले केशव माणगावे यांचेही पदक थोडक्यात हुकले. ते आपल्या वजनगटात चौथे आले.

त्या वर्षी भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशाचे लक्ष स्वाभाविकपणे तिकडे गेले. कराडने मात्र आपल्या पुत्राचे स्वागत असे केले की, त्याची कथा माझे वडील सांगू लागले की आम्ही जेवण विसरत असू. शंभराहून अधिक बैलगाड्या, ढोल-लेझीम, गुलाल. कराड स्थानकापासून गोळेश्वरापर्यंत एरवी पाव तासाची वाट, ती चालण्यास त्या दिवशी सात तास लागले. आमच्या वडिलांच्या सांगण्यात बैलगाड्यांची संख्या दरवर्षी वाढत असे. हिशेबखात्यात आल्यावर मी ती संख्या लिहून ठेवण्याचा नाद सोडून दिला.

मिरवणुकीचा गुलाल खाली बसल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्जफेडीचे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले, जिंकले, आणि आलेली रक्कम खर्डेकरांच्या हवाली करून त्यांचे घर सोडविले. ऑलिंपिकचे पदक जिंकून आलेला मल्ल बक्षिसासाठी नव्हे, तर गुरूच्या घराच्या कागदपत्रांसाठी पुन्हा मातीत उतरतो, असे दृश्य क्रीडेच्या इतिहासात मला तरी दुसरे ठाऊक नाही.

परदेशांतही महाविद्यालयांच्या क्रीडाखात्यांचे हिशेब जुळतातच असे नाही. आपल्या मंडळातील कितीतरी घरांतील मुले आज अमेरिकेत शिकत आहेत. तेथील विद्यापीठांची क्रीडागारे आपल्याकडील राष्ट्रीय क्रीडागारांहून मोठी असतात आणि देणगीदारांची नावे त्यांच्या कमानींवर झळकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्कली येथील आपल्या जुन्या क्रीडागाराचे नूतनीकरण करून २०१२ साली ते पुन्हा खुले केले. शेजारच्या खेळाडूंच्या केंद्रासह या कामाचे कर्ज सुमारे ४४ कोटी ५० लाख डॉलरच्या घरात गेले. उत्तम जागा दीर्घ मुदतीसाठी श्रीमंत हितचिंतकांना विकून ते फेडावयाचे होते. पण विक्री अंदाजाप्रमाणे झाली नाही. हप्त्यांचा बोजा क्रीडाखात्यावर पडला, खात्याला तूट येऊ लागली, आणि पुढे विद्यापीठालाच त्यातील मोठा भाग आपल्या अंगावर घ्यावा लागला. जेथे पैशाचा तुटवडा नाही तेथे देखील वास्तू उभी राहिल्यावर दरवर्षीचा खर्च वाढतो. देणगी वाढतेच असे नाही. फरक एवढाच की, तेथे विद्यापीठ गहाण पडते आणि येथे प्राचार्यांचे घर पडले होते.

खाशाबांच्या उर्वरित आयुष्याविषयी थोडक्यात लिहितो. १९५५ साली ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. पोलीस दलाच्या स्पर्धा त्यांनी गाजविल्या, नव्या मुलांना शिकविले. परंतु गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांचे पुन्हा ऑलिंपिकला जाणे झाले नाही. सत्तावीस वर्षे सेवा करून, निवृत्तीच्या थोडेसे आधी साहाय्यक आयुक्तपदी बढती मिळून, ते निवृत्त झाले. आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी क्रीडाज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

जिवंतपणी जे मिळाले नाही, ते मरणोत्तर हळूहळू येत गेले. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आला, पुढे केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार आला. दुसरे वैयक्तिक पदक भारताला मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले. कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली सुशीलकुमार यांचे. २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या प्रेक्षागाराला खाशाबांचे नाव देण्यात आले. ज्यांना उभ्या विद्यार्थिदशेत आपल्या महाविद्यालयात गादी मिळाली नाही, त्यांचे नाव आता एका भव्य, वातानुकूलित वास्तूवर आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला.

गोळेश्वरला त्यांच्या नावाची कुस्ती प्रबोधिनी व्हावी, ही मात्र कुटुंबीयांची आणि गावकऱ्यांची जुनी इच्छा होती. शासनाने तशी घोषणाही केली होती. वर्षे लोटली, काम सुरू होईना. तेव्हा २०१७ साली त्यांच्या चिरंजीवांनी ते कांस्यपदक लिलावात काढून त्या पैशांतून प्रबोधिनी उभारण्याचा विचार जाहीर केला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी कार्यालयात होतो. आपल्या घरातील एखादा दागिना मोडावा लागणार असे कळल्यावर जसे वाटते तसे मला वाटले. खर्डेकरांचे घर जिंकण्यासाठी गहाण पडले होते. आणि जिंकलेली वस्तू पासष्ट वर्षांनी पुन्हा त्याच कारणासाठी बाजारात न्यावी लागते की काय, अशी वेळ आली होती.

चांगलेही घडले आहे, तेही लिहिले पाहिजे. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राचे ते खाशाबांनंतरचे, म्हणजे बहात्तर वर्षांनंतरचे, दुसरे वैयक्तिक पदक. कुसळे यांना शाळकरी वयातच शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला, तेथे राहण्याखाण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था होती, आणि पुढे रेल्वेत नोकरी मिळाली. नेमबाजी हा खर्चिक खेळ. एक एक गोळी पैशाची. असा खेळाडू वर्षानुवर्षे सराव करीत राहू शकला, यामागे दरसालच्या तरतुदी आहेत आणि त्या तरतुदींवर कोणाच्याही नावाची कोनशिला नाही. आमच्या खात्यातील कोणी अज्ञात कारकुनाने त्या तरतुदीची फाईल वेळेवर पुढे सरकविली असेल, तर त्यालाही माझा नमस्कार.

नागपंचमीला आपल्या छत्तीसगढात गावोगाव आखाडे रंगतात. हथखोजच्या आसपासच्या कारखान्यांतून संध्याकाळी सुटलेली मुले त्या दिवशी मातीत उतरतात आणि भोवती उभ्या असलेल्या गर्दीत आपल्या मराठी घरांतील मुलेही असतात. गेल्या वर्षी असाच एक सामना पाहून परत येताना माझ्या नातेवाइकांच्या मुलाने मला विचारले की, आपल्या मंडळात कुस्ती का शिकवीत नाहीत. मी त्याला खोलीची अडचण सांगितली. खोली तर होणारच आहे, तो म्हणाला, शिकवणार कोण?

पुढील बैठकीत मी त्या दानशूर सद्गृहस्थांना एक विनंती करणार आहे. त्यांच्या देणगीचा निम्मा भाग बांधकामात घालावा आणि निम्मा बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावा, म्हणजे तिच्या व्याजातून शिक्षकाचे मानधन आणि वीजबिल भागेल. खोली थोडी लहान होईल. कोनशिला मात्र हवी तेवढी मोठी करता येईल. तिला फारसा खर्च येत नाही.

दोन वर्षांपूर्वी कराडला एका लग्नासाठी जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून आम्ही गोळेश्वरला गेलो. जाधवांच्या घराला ऑलिंपिक निवास असे नाव आहे. पत्नीने घराबाहेरूनच हात जोडले. मी घड्याळ पाहिले: कराड स्थानकापासून गाडीने आम्हाला जेमतेम पंधरा मिनिटे लागली होती.